कुंकू लागलेल्या नोटा

"आज तुम्हीच ओवाळा, वैनी!" पाटावर बसल्या बसल्या गुरु म्हणाला, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या असलेल्या शिवबाईनं चटकन पाऊल मागं घेतलं!

ताट केव्हाचं तयार होतं. निरांजन, सुपारी, अक्षता, सगळं तिनंच घासूनपुसून मांडलं होतं. फक्त कुंकवाचा करंडा तेवढा तिनं ठेवला नव्हता. तो दुधनीहून आलेल्या गुरुच्या सवाष्ण नीलव्वा आत्यांनी देव्हाऱ्यातून काढून ताटात ठेवला होता. चार वर्षं झाली, त्या करंड्याकडे शिवबाईनं नुसतं बघितलं तरी तिची मान आपोआप खाली जायची... आणि हे पोर म्हणतंय, तुम्हीच ओवाळा!

"आत्या हायत की," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "त्यांच्या हातानंच बरं. दुपारची पुण्याची गाडी हाय, उशीर करू नगंस."

पोर म्हणायचं, पण गुरु आता तिशीला टेकलेला, जर्मनीत नोकरीला असलेला, सुट्टी संपवून आज परत निघालेला बाप्या होता. नात्यानं तिचा धाकटा दीर. तो नऊ वर्षांचा असताना सासू गेली, चौदा वर्षांचा असताना मडिवाळप्पा गेला. मडिवाळप्पा म्हणजे शिवबाईचा नवरा. सोलापुरी चादरींचे गठ्ठे घेऊन निघालेला त्याचा टेम्पो मोहोळच्या पुढं उलटला. पोटी मूल नाही, वय कोवळं. माहेरच्यांनी चल म्हणून हात धरून ओढलं, पण दप्तर छातीशी धरून कोपऱ्यात बसलेल्या त्या पोरक्या दिराकडं बघून तिचा पाय निघाला नाही. तेव्हापासून ती पहाटे चूल पेटवून विकायला कडक भाकऱ्या भाजू लागली, शेंगा कुटून चटणी करू लागली, आणि त्या भाकऱ्यांवर गुरु इंजिनिअर झाला. चार वर्षांपूर्वी पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला जायचं पत्र हातात आलं तेव्हा हातातल्या पाटल्या उतरवताना तिनं आरशातसुद्धा बघितलं नाही.

त्या पाटल्यांच्या पैशातूनच तिकडच्या नोटा घेतल्या होत्या. परकं चलन देणाऱ्या त्या हपिसात गुरु तिला मुद्दाम घेऊन गेला होता. गुळगुळीत, करकरीत, शंभर युरोच्या आठ नोटा! काउंटरवरच्या माणसानं चारचारदा बजावलं होतं, "तिकडचे लोक नोटांच्या बाबतीत लई कटकटे असतात. नोटांवर पेननं लिहायचं नाही, पिना टोचायच्या नाहीत, घडी घालायची नाही." शिवबाईनं ते प्रत्येक वाक्य मान हलवून, मनात घोकून घेतलं होतं. कुंकवाचं नाव त्यानं घेतलं नव्हतं. बिचारा घेईल तरी कसा! कुंकू म्हणजे डाग, हे सोलापुरात जन्मलेल्या माणसाच्या कुठल्या जन्मात डोक्यात येणार?

या घरात मिक्सर आला तेव्हा त्याला हळदकुंकू लागलं होतं, गुरुच्या पहिल्या सायकलला लागलं होतं, एवढंच काय, गॅसच्या शेगडीलाही लागलं होतं. मग एवढ्या लांब, जिथं कुणी ओळखीचं नाही अशा मुलखात निघालेली लक्ष्मी उघड्या कपाळानं कशी जाऊ द्यायची! गुरु दोस्तांना भेटायला कुर्डुवाडीला गेला होता. घरात कुणी नव्हतं. नवरा गेल्यापासून स्वतः कधी न उघडलेला तो करंडा शिवबाईनं उघडला, बोट पाण्यात बुडवलं, आणि आठही नोटांना हळद लावली, कुंकू लावलं, देवापुढं डोकं टेकलं. वाळल्यावर नोटा पाकिटात घातल्या. घडी मात्र घातली नाही हं! सांगितलं होतं ना.

गुरु गेला त्याच्या पाचव्या दिवशी दुपारी फोन आला. शिवबाईचे हात पिठात होते, म्हणून तेव्हा मुक्कामाला आलेल्या नीलव्वा आत्यांनीच फोनचा स्पीकर लावला.

"कुणी घेईना त्या नोटा!" पलीकडून गुरु रडकुंडीला येऊन ओरडत होता. "मशीन बाहेर फेकतंय, खोलीची मालकीण म्हणते हे रक्त आहे का? तीन रात्री स्टेशनवर काढल्या मी, वैनी! कुणी सांगितलं होतं तुम्हाला असला अडाणीपणा करायला? तुम्ही... तुम्ही कुंकवाला हात लावायलाच नको होता!"

आपण काय बोललो ते त्यालाही कळलं असावं, पण शब्द परत घ्यायला लागतं ते धैर्य त्याच्याकडं नव्हतं. "ठेवतो," एवढंच म्हणून त्यानं फोन ठेवला.

"खरं बोललं पोरगं," नीलव्वा आत्या म्हणाल्या. "आपल्या कपाळी जे न्हाय, त्याला हात लावू नये, शिवव्वा."

त्या दिवशी शिवबाई रडली नाही. तिला नुसती लाज वाटली... अंग चोरून घ्यावं, जमिनीत शिरावं अशी लाज! आपल्या हातानं आपल्याच लेकराचे पैसे मातीमोल झाले, तीन रात्री ते परक्या मुलखात थंडीत कुडकुडलं, आणि हे सगळं आपण विधवा असून करंड्याचं झाकण उघडलं म्हणून! पुढं गुरुचे फोन येत राहिले. "बऱ्या आहात का, मी बरा आहे," दोन वाक्यांत संपणारे. त्या नोटांचं काय झालं ते तिनं कधी विचारलं नाही आणि त्यानं कधी सांगितलं नाही. तो रागावलाय, असं ती समजली.

आणि मग या बाईनं काय करावं? त्या नोटांची भरपाई करायचं मनाशी धरलं! रोजच्या भाकऱ्यांवर आणखी दोन पायल्यांच्या भाकऱ्या. जिला मराठी पेपर धड वाचता येत नाही अशी ही बाई दर महिन्याला त्या चलनाच्या हपिसात जाऊन दारातूनच विचारायची, "सायेब, आज युरो केवढ्याला हाय?" युरो दर वेळी थोडा चढलेलाच असायचा. हिची रक्कम जवळ यायची आणि युरो पुढं सरकायचा. युरो महाग होत गेला तसं तिचं प्रायश्चित्तही महाग होत गेलं! ती कुरकुरली नाही. पाप आपलं, भाव त्याचा.

"वैनी," पाटावरून गुरुनं पुन्हा हाक मारली. "मी तुमच्याशी बोलतोय."

तेव्हा ती आत गेली, आणि डब्याच्या फडताळातून एक पाकीट घेऊन बाहेर आली. पण पाकीट तिच्या हातात नव्हतं. भाकरी उतरवायच्या फडक्यात ते तिनं धरलं होतं, जसं एखादं तापलेलं भांडं धरावं तसं. ते तिनं हळूच त्याच्यापुढं पाटाच्या कडेला ठेवलं.

"हे काय?"

"तुझ्या त्या आठ नोटांचं पैसं," शिवबाई म्हणाली. "युरोच द्यायचे हुते, पण ते म्हणाले पासपोर्ट लागतो, तिकीट लागतं... म्हणून रुपयेच हायत. आजच्या भावानं हायत बघ. आणि भिऊ नगंस बाळ, मी हात न्हाय लावला! बँकेतल्या बाईलाच पाकिटात घालायला लावलं. वरनं फडकं धरलंय."

गुरु त्या फडक्याकडे बघत राहिला. पीठ लागलेलं, कडा करपलेलं, मळकट फडकं! मग तो पाटावरून उतरला आणि जमिनीवर, तिच्या पायांशी बसला.

"वैनी... त्या नोटा वाया गेल्याच नव्हत्या!"

"काय म्हणलास?"

"तिकडं मोठी सरकारी बँक असते. डाग पडलेल्या नोटा अर्ज भरून तिथं बदलून मिळतात. तीन आठवड्यांत सगळ्या आठच्या आठ बदलून मिळाल्या मला!" त्यानं पाकीट बाजूला सरकवलं. "आणि स्टेशनवर मी झोपलो ते त्या नोटांमुळं नाही. बाकीचे पैसे कार्डात होते ना? घाबरून मीच तीनदा चुकीचा नंबर दाबला आणि कार्ड बंद पाडलं. माझी चूक होती, वैनी! स्वतःची लाज वाटत होती, म्हणून ती तुमच्या अंगावर टाकली."

शिवबाई भिंतीला टेकली. चार वर्षं! चार वर्षं दोन-दोन पायल्या जादा, चार वर्षं खाली घातलेली मान... "मग मला का रे न्हाय सांगितलंस?" तिनं विचारलं. रागानं नाही, तिला खरंच कळत नव्हतं.

"ते सांगायचं तर आधी ते... कुंकवाचं जे बोललो, ते काढावं लागलं असतं. दर वेळी फोन लावताना ठरवायचो, आज बोलायचं. तुमचा आवाज ऐकला की तोंडच उघडायचं नाही. तुम्हाला वाटलं मी रागावलोय. मी तोंड लपवत होतो!" त्यानं खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. "ही त्या अर्जाची नक्कल. मुद्दाम आणलाय. आठ दिवस झाले खिशात घेऊन फिरतोय, आणि आज निघायची वेळ आली तरी हिंमत होत नव्हती. यात विचारलंय, डाग कशाचा, कुणी लावला. मी लिहिलं, कुंकू. तिथल्या बाईनं विचारलं, कुंकू म्हणजे काय? म्हटलं, लेकरू लांब निघालं की घरातली बाई लावते ते. आणि 'कुणी लावला' याच्यापुढं..." त्यानं एका शब्दावर बोट ठेवलं. "मुटर, असं लिहिलंय. त्यांच्या भाषेत आई."

शिवबाईनं ते परकं अक्षर बघितलं. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्याचं बोट ज्या शब्दावर होतं त्यावरनं तिची नजर हलेना.

"पण एक सांगा, वैनी," तो म्हणाला, "पैसा असा कधी पुजला नव्हता तुम्ही. त्याच नोटांना का लावलंत?"

आणि इतकी वर्षं कोंडून ठेवलेलं ते आता बांध फोडून बाहेर आलं! "तुझ्या कपाळाला लावायची माझी हिंमत नव्हती रे!" ती हमसून हमसून रडू लागली. "लहानपणापास्नं वाढवलं, पण तू परीक्षेला निघाला, मुंजीसारखं अय्याचार झालं, इंजिनिअर झाला... दर वेळी दुसऱ्या कुणीतरी ओवाळलं आणि मी आत भाकऱ्या थापत बसले! त्या दिवशी वाटलं, एवढ्या लांब चाललाय... याच्या कपाळाला न्हाय तर न्हाय, याच्या खिशात तरी माझ्या हातचं कुंकू जाऊ द्यावं... एवढंच, बाळा, एवढंच मनात हुतं!"

गुरुनं तिच्या पावलांवर डोकं टेकलं. वाकलेल्या त्या पाठीकडे बघून शिवबाईला तो दप्तर छातीशी धरून बसलेला चौदा वर्षांचा पोरगा आठवला.

कोपऱ्यात बसून नीलव्वा आत्या हे सगळं ऐकत होत्या. पदरानं तोंड पुसत त्या उठल्या. ताटातला करंडा त्यांनी उचलला, आणि शिवबाईच्या पुढं धरला.

"घे, शिवव्वा," त्या तिच्या नजरेला नजर न देता म्हणाल्या. "मी बोलले हुते त्या दिवशी. ती जीभ माझी हुती, देवाची न्हवती. लाव त्याला."

शिवबाईनं दोन्ही हात पदराला पुसले. मग पुन्हा पुसले. गुरु पाटावर बसला. झाकण उघडताना ते हातातून असं निसटलं की चिमूटभर कुंकू त्याच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर सांडलं! ती दचकून मागं सरली. जुनी सवय, लगेच जाणार नव्हती. पण गुरुनं तिचा तो हात धरला आणि आपल्या कपाळापाशी आणला. तिनं कुंकू लावलं, अक्षता लावल्या, निरांजन ओवाळलं. ओवाळताना तिला नीट दिसत नव्हतं.

"आणि हे पाकीट?" तिनं डोळे पुसत विचारलं.

"त्याच्या पाटल्या घ्या."

"सोन्याचा भाव बघितलास का? एक बी येणार न्हाय त्यात!"

"मग निम्मे पैसे तुमचे, निम्मे माझे." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो तिच्यासमोर मोकळं हसला, रडक्या तोंडानं का होईना.

रिक्षा दारात येऊन उभी राहिली. कडक भाकऱ्यांचा डबा बॅगेत कोंबता कोंबता शिवबाईचं लक्ष त्याच्या शर्टाकडे गेलं.

"शर्ट बदल की रे! विमानतळावर लोक बघतील. मागल्यासारखं कुणीतरी रक्त म्हणंल."

"राहू द्या."

"आणि विचारलं तर काय सांगशील?"

गुरु रिक्षात बसला. कपाळावरच्या अक्षता पडू नयेत म्हणून मान ताठ ठेवून तो म्हणाला, "अर्जात लिहिलंय तेच सांगीन, आई."

रिक्षा वळून दिसेनाशी झाली तरी शिवबाई दारातच उभी होती. मग ती आत आली, आणि करंडा आपल्या हातानं उचलून देव्हाऱ्यात ठेवला.