विंगेतला साडू

चष्मा फ्रिजमध्ये सापडला, त्या दिवशी बायकोने प्रॉम्प्टरच्या मोबाईलवर स्मरणशक्ती वाढवणारा खेळ घालून दिला. "दाजीसुद्धा खेळतात," ती म्हणाली. एवढं एक वाक्य तिने गाळलं असतं, तर पुढचं काही घडलं नसतं.

दाजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. नाटकातला हिरो. प्रॉम्प्टर त्याचा साडू. हिरो स्टेजवर अडला की डोळ्याच्या कोपऱ्यातून विंगेकडे बघायचा, हा अंधारातून वाक्य कुजबुजायचा आणि टाळ्या हिरोला पडायच्या. विंगेतून टाळ्या ऐकू येतात त्या शेजारच्या घरातल्या लग्नासारख्या.

खेळ सोपा होता. पालथी पानं उलटायची, सारख्या चित्रांची जोडी जमवायची. दोन साडू आपापल्या घरी बसून एकमेकांविरुद्ध खेळत. रोज हिरो जिंके आणि बायको चहाबरोबर निकाल वाढे.

"या वयातही दाजींचं डोकं काय तल्लख हो!"

"पाठांतराला डोकं लागत नाही," प्रॉम्प्टर म्हणाला. पण चहा कडू लागला.

मग एकदा त्याने हिरव्या चपलांची जोडी जमवली आणि डाव जिंकला. त्याच क्षणी पायाच्या बोटांत ओली वाळू रुतली. तरुणपणीची मेहुणी, म्हणजे हिरोची बायको, हिरव्या चपला हातात घेऊन लाटांतून पळत होती, वळून हसत होती. त्याच्याकडे बघून.

प्रॉम्प्टर मेहुणीबरोबर समुद्रावर कधीच गेला नव्हता. मधुचंद्राला साडूला नेण्याची पद्धत नाही.

संध्याकाळी हिरोचा फोन आला. "काय रे, तुझी मेहुणी कसल्या हिरव्या चपलांचं म्हणतेय? मला काही आठवेना."

"वय झालं, हिरो."

असं म्हणताना त्याला आतून गुदगुल्या झाल्या. एखाद्या सज्जनाने खेळ काढून टाकला असता. प्रॉम्प्टरने नवा चार्जर आणला.

हिरोच्या लेकीचं पहिलं पाऊल त्याला मिळालं. वडिलांनी हिरोच्या पाठीवर ठेवलेला हात मिळाला. आणि एके दिवशी मखमली पडद्याची जोडी जुळली. तोंडावर दिव्यांची धग, घामाने भिजलेली कॉलर, आणि टाळ्या. समोरून. छातीवर आदळणाऱ्या. तो बैठकीच्या खोलीत उठून वाकला.

"कंबर धरली का?" बायकोने विचारलं.

पुढच्या रविवारी मेहुणी हिरोला हाताला धरून घेऊन आली. त्याने दारातच विचारलं, "हे कुणाचं घर?" मेहुणीने पदराने डोळे टिपले. हिरोला सोफ्यावर बसवलं, तसं त्याचं बोट आपोआप मोबाईलकडे गेलं.

"खेळू द्या," मेहुणी म्हणाली. "तेवढंच येतं आता."

प्रॉम्प्टर शेजारी बसून त्याच्याविरुद्ध खेळू लागला. शेवटची पानं उरली. हिरोने एक उलटलं. खिडकीत बसून सुईत दोरा ओवणारी मुलगी.

प्रॉम्प्टर मोबाईलवर वाकला. त्याने बायकोला पहिल्यांदा पाहिलं होतं ते असंच. तेव्हापासून एकांतात तो तिला सुईबाई म्हणे. हे तिसऱ्या माणसाला ठाऊक नव्हतं.

हिरो अडला. दुसरं पान कुठे? त्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून बाजूला बघितलं. विंगेकडे.

जन्माची सवय. विचार करायच्या आधी ओठ हलले.

"खालच्या ओळीत, कोपऱ्यातलं," प्रॉम्प्टर कुजबुजला.

जोडी जुळली.

हिरो ताठ बसला. चेहऱ्यावर रंग आला. आतून एक बाई चहाचा ट्रे घेऊन येत होती. तिच्याकडे बघून तो प्रसन्न हसला.

"सुईबाई," तो हळूच म्हणाला, "साखर कमी ना?"

ट्रेमधले कप खणखणले. ती बाई हिरोकडे बघेना. ती प्रॉम्प्टरकडे बघत होती, ओठ अर्धवट उघडे ठेवून.

बिचारी वाक्य विसरली, प्रॉम्प्टरला वाटलं. हिरोला मात्र कशी माणसं भेटतात, नशीबवान लेकाचा. त्याने सवयीने तोंड पुढे केलं.

पण तिचं वाक्य त्याला आठवेना.