माशी आणि दुर्बीण

प्रतीक्षा आली तेव्हा शालिग्राम जीपला पाठ टेकून ऊन खात होता आणि अर्धवट झोपेत मेहकर-सुलतानपूर गाडी चालवत होता. तीस वर्षं एसटीचं स्टिअरिंग धरलेल्या माणसाला निवृत्तीनंतर स्वप्नंही रस्त्याचीच पडतात.

"सुवर्णा मॅडमचं ऑफिस हेच का?"

त्यानं जिन्याकडे बोट दाखवलं आणि काही सुटू नये म्हणून तिच्यामागोमाग स्वतःही वर गेला.

सुवर्णा वानखडे एकोणीस वर्षं सरकारी दवाखान्यात लोकांचे डोळे तपासत होती. मग नोकरी सोडून तिनं मेहकरात तपासाचं ऑफिस काढलं. लोक हसले. ती म्हणायची, काम तेच आहे. माणसाला काय दिसलं आणि काय दिसल्यासारखं वाटलं, एवढंच विचारायचं. ती दवाखान्यातलं पुस्तकी मराठी बोलायची. शालिग्राम तिचा ड्रायव्हर, आणि त्याच्या मते मदतनीस.

"मी जानेफळला शाळेत शिकवते," प्रतीक्षा म्हणाली. "माझे वडील सुभेदार गुलाबराव गवई. चार दिवस कोठडीत आहेत. माझ्या हातून माणूस मेला, असं ते स्वतःच सांगतात."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी म्हणते, बाबांचा नेम चुकत नाही."

"हे त्यांच्या बाजूनं नाही, विरुद्ध जातं," सुवर्णा हळूच म्हणाली. "बसा. पहिल्यापासून सांगा."

हकिगत थोडकी होती. शेजारचे बागायतदार भगवानराव यांच्या हरभऱ्यात रानडुकरं घुसत होती. वनखात्याचा परवाना मिळाला होता. भगवानरावांनी आपल्या जुन्या दोस्ताला, गुलाबरावांना, संध्याकाळी बांधावर बसायला सांगितलं. दिवेलागणीला पिकात काहीतरी काळं हललं. गुलाबरावांनी एक गोळी झाडली आणि पलीकडे राखणीच्या माळ्याखालून किंकाळी आली. भगवानराव जागीच गेले. गोळी आरपार निघून रानात कुठंतरी हरवली. गुलाबरावांनी रायफल ठाणेदाराच्या टेबलावर ठेवली आणि मनगटं पुढे केली.

*

कोठडीतला म्हातारा ताठ बसला होता. सुवर्णानं सहीसाठी कागद दिला. त्यानं तो हाताच्या अंतरावर धरला, आणखी लांब केला, मान मागं नेली आणि शेवटी लेकीकडे दिला. "तूच वाच व माय."

सही झाल्यावर त्याची नजर खिडकीबाहेर गेली. "त्या टावरवर राघू बसला पाह्य."

शालिग्रामनं डोळे बारीक केले. त्याला टॉवरच मुश्किलीनं दिसला. "नजर हाये बाप्पा सुभेदाराची!" तो पुटपुटला.

"रायफल कुठली?" सुवर्णानं विचारलं.

"तीनशे पंधराची. बोल्टवाली."

"दुर्बीण नाही लावली?"

"फौजेत सारी नौकरी माशीवर मारलं," म्हातारा म्हणाला. "डोळ्याजवळ खाच असते, नळीच्या टोकाले दाणा, तो माशी. खाचीत माशी घ्याची, माशीवर निशाण. बस. दुर्बीण म्हंजे डोळ्याले देल्ली काठी."

"त्या सांजेला माशी दिसली?"

म्हाताऱ्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. भिंतीवर गजांची सावली सरकत होती.

"दिसली," तो भिंतीलाच म्हणाला.

बाहेर ठाणेदारानं शवविच्छेदनाचा कागद पुढे केला. "सरळ केस आहे मॅडम. पुरा कबुलीजबाब आहे. एवढंच की गोळी शिरली ते भोक गोल नाही, लांबट आहे. किल्लीच्या भोकासारखं. जुनी रायफल, नळी घासलेली, गोळी आडवी फिरली असेल."

"नळी तपासली?"

"तपासायची आहे."

*

भगवानरावांच्या ओसरीवर रुखमाबाई बसल्या होत्या. रडून झालेल्या माणसाचा चेहरा असतो तसा चेहरा, धुतलेला आणि रिकामा.

"मी अंगनात होती," त्या म्हणाल्या. "बार झाला अन् लागलाच त्याचा पडसाद आला. मंग हे वरडले."

"ते रोज जायचे माळ्यावर?"

"नाई वो. राखनीचा जागल्या तापानं फनफनला म्हून हे गेले. कोनाले सांगतलंबी नाई. घोंगडं घेतलं अन् निंगाले."

पुतण्या गणेश पाणी घेऊन आला. आईबाप गेल्यावर याच घरात वाढलेला, तिशीचा, खाली मान घालून बोलणारा. उजव्या भुवईवर खपली धरलेली जखम होती, नखाएवढी, चंद्रकोरीसारखी वाकलेली.

त्याचीही परवान्याची रायफल होती, तीच, तीनशे पंधराची. सुवर्णानं मागितल्यावर त्यानं कपाटातून काढून दाखवली. वरच्या बाजूला दुर्बिणीच्या पकडीचे स्क्रू बसायची भोकं रिकामी होती.

"दुर्बीन पंधरा दिवसांआंधी नागपूरले दुरुस्तीले धाडली," तो म्हणाला. "तिच्याबिगर मी बंदुकीले हातबी लावत नाई. सांजच्याले माशी कोनाले दिसते, ताई? काळ्यात काळं. दुर्बिनीत कसं, अंधार असला तरी उजेड साचल्यावानी वाटते."

"आणि हे कपाळाला?"

"ट्रॅक्टरचं बॉनेट."

"त्याच दिवशी लागलं," रुखमाबाई म्हणाल्या. "सारं एकाच दिवशी आलं आमच्यावर."

*

सूर्य कलला तेव्हा दोघं शेतात उतरली. हरभऱ्यावरची आंब पायांना चिकटत होती आणि हवेला आंबटसर वास होता. उजेड हळूहळू पातळ होत गेला. माळा, बाभळी, दूरची टेकडी, सगळं पाण्यात बुडवलेल्या चित्रासारखं विरघळू लागलं. आपण अजून जीपजवळ उन्हात झोपलोय की काय, असं शालिग्रामला क्षणभर वाटलं.

"शालिग्रामभाऊ, जोरात ओरडा."

"काऊन?"

"ओरडा तर!"

"ए मेहकर, मेहकर, मेहकरss!" तो बसस्टँडवर ओरडावं तसा ओरडला.

दोघं ऐकत उभी राहिली. शिवारानं तो आवाज गिळून टाकला. काहीच परत आलं नाही.

गुलाबराव बसले होते त्या बांधावरून माळा समोरच होता, दीडशे पावलांवर. मध्ये साठेक पावलांवर पिकातून एक वारूळ वर आलं होतं, बसलेल्या जनावराएवढं. शालिग्राम तिथं जाऊन टेकला आणि वारुळाच्या भोकात सहज बोट घालू लागला.

"बोट काढा. साप असेल."

त्यानं झटकन हात ओढला. सुवर्णा मात्र वाकून त्या भोकाकडे बराच वेळ पाहत राहिली. कडेची माती कोरडी आणि ताजी होती.

बांधावर परतल्यावर तिनं त्याच्या हातात त्याचीच काठी दिली. "बंदुकीसारखी धरा. वारुळावर नेम घ्या. काठीचं टोक दिसतं?"

"टोक?" शालिग्राम म्हणाला. "मले काठीच दिसून नाई राह्यली. वारूळ तेवढं दिसते, तेबी डुकरावानी."

मग ती बाभळींच्या पलीकडे गेली. तिथं बांधापासून चाळीस पावलांवर विहीर होती. तिला कमरेएवढा दगडी कठडा. कठड्याच्या माथ्यावर बोटभर लांब पांढरा ओरखडा होता, माळ्याच्या दिशेनं गेलेला.

"बादलीची साखळी घासली असन," शालिग्राम म्हणाला.

सुवर्णा खाली बसली. कठड्यामागं गुडघे टेकून ती पिकाकडे पाहत होती. आधी हनुवटी दगडाला लावून, मग डोळे चार बोटं वर उचलून.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी ठाणेदार गुलाबरावांना घेऊन शेतात आला. रुखमाबाई, गणेश आणि प्रतीक्षाही आले. ऊन हिवाळ्याचं होतं. वाऱ्यानं हरभऱ्याचे घाटे डुलत होते.

"आधी ते वारूळ फोडा," सुवर्णा शिपायाला म्हणाली.

कुदळीचे दहा-बारा घाव बसले. हातभर आत, भोकाच्या शेवटी, चपटलेली गोळी निघाली.

"सुभेदारांनी एकच गोळी झाडली. बाकीच्या चार रायफलीत होत्या, तुमच्याच पंचनाम्यात लिहिलंय," ती ठाणेदाराला म्हणाली. "ती एक गोळी ही. ती माळ्यापर्यंत गेलीच नाही."

गुलाबरावांनी डोळे मिटले.

"वय झालं की जवळचं धूसर होतं, लांबचं लख्ख राहतं. टॉवरवरचा राघू दिसतो, कागदावरची अक्षरं दिसत नाहीत. खाच आणि माशी हातभर अंतरात असतात. त्यात दिवेलागण. सुभेदार, तुम्हाला माशी दिसली नव्हती."

"दोन वर्सं झाली," म्हातारा म्हणाला. "दोन वर्सं अंदाजानं मारून राह्यलो. कोनाले सांगू? माशीवाला सुभेदार म्हून गाव वयखते. म्या वारुळाले डुक्कर समजलो, अन् भगवान मेला तवा समजलो का माह्या गर्वानं मारला."

"मग त्यांना मारलं कुणी?" ठाणेदारानं विचारलं.

"रुखमाबाईंनी बार ऐकला आणि त्याचा पडसाद ऐकला. काल शालिग्रामभाऊ इथं गळा फाडून ओरडले. या शिवारात पडसाद येत नाही. तो दुसरा बार होता, सुभेदारांच्या बाराला चिकटून आलेला."

गणेशनं एक पाऊल मागं घेतलं.

सुवर्णा सगळ्यांना विहिरीपाशी घेऊन गेली. ओरखड्यामागं तिनं शालिग्रामची काठी आडवी धरली आणि तिच्यावर चार बोटं ठेवली.

"माशीवर नेम घेणारा नळीच्या अगदी वरून पाहतो. त्याला समोरचं मोकळं दिसलं तर गोळीलाही जवळपास मोकळंच असतं. दुर्बीण मात्र नळीच्या वर बसते. दुर्बिणीनं कठड्यावरून पाहिलं. नळी कठड्याच्या आड होती. डोळ्याला डुक्कर स्पष्ट दिसत होतं, गोळीपुढे दगड होता. दगडाला घासून ती वर उचलली गेली आणि वेडीवाकडी गडगडत माळ्याकडे गेली. गोळी आडवी शिरली की भोक लांबट पडतं. सुभेदारांच्या नळीचा त्यात दोष नाही."

ठाणेदार ओरखड्यावरून बोट फिरवत राहिला.

"आणि ट्रॅक्टरच्या बॉनेटनं सरळ चीर पडते," ती पुढे म्हणाली. "चंद्रकोर पडत नाही. अडचणीत मान पुढे घालून बार केला की दुर्बिणीची गोल कडा धक्क्यानं मागं येऊन भुवईवर बसते. अशा दोन जखमा मी दवाखान्यात पाहिल्या आहेत. गणेश, दुर्बीण पंधरा दिवस नागपूरला आहे म्हणतोस. मग ती पाच दिवसांपूर्वी तुझ्या कपाळाला कशी लागली?"

गणेश कठड्यावर बसला. कुणीतरी दोर कापावा तसा बसला.

"मले मालूम नोतं काका तिथं हायेत म्हून," तो म्हणाला. "मीबी डुकरासाठीच बसलो होतो, डुक्कर दुर्बिनीत भरलं होतं. तेवढाच गोल, बाकी काईच नाई. बोट चापावर होतं. सुभेदारबाबाचा बार झाला अन् मी दचकलो. माहाबी सुटला. मंग काका वरडले. मी दुर्बीन काढून विहिरीत फेकली अन् पयालो. मंग बाबा म्हने मीच मारलं. मले वाटलं, खरंच असन. माही गोळी आभाळात गेली असन. रोज झोपाच्या आंधी मी तेच म्हनत होतो. आभाळात गेली, आभाळात गेली."

ठाणेदारानं विहिरीत वाकून पाहिलं. विहिरीतलं पाणी खाली कुठंतरी चमकत होतं.

ठाणेदारानं शिपायाला खूण केली. रुखमाबाई मात्र आधी गुलाबरावांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, पाच दिवस तुमाले शिव्या देल्या म्या."

"मीबी मले तेच देऊन राह्यलतो, वयनी," म्हातारा म्हणाला.

मग त्या गणेशकडे वळल्या. हात उचलला. आता ही मारणार, असं शालिग्रामला वाटलं. तो हात तसाच हवेत थांबला, आणि मग त्यांनी पदराच्या टोकानं पोराचं तोंड पुसलं, जोरात, लहान मुलाचं पुसतात तसं.

"खरं तेच सांगजो तिथं," त्या म्हणाल्या. "जेवनाचा डबा मी धाडतो."

गणेश कठड्यावरून उठला नाही. गुलाबराव त्याच्या शेजारी जाऊन बसले. प्रतीक्षा "बाबा, घरी चला" म्हणत होती. त्यांनी नुसती मान हलवली.

"मले तिथली वाट ठावं हाये," ते गणेशला म्हणाले. "पह्यली रात लय भारी जाते. चाल, मी येतो."

शालिग्रामनं जीप सुरू केली. मागं शिपायासमोर गणेश आणि गुलाबराव खांद्याला खांदा लावून बसले होते. प्रतीक्षा पुढे बसली आणि वडिलांच्या डोळ्यांचा नंबर काढायला कधी आणू, असं सुवर्णाला विचारू लागली.

"सोमवारी," सुवर्णा म्हणाली, "सकाळीच आणा."