पाद्री, पायपेटी आणि खाडीचा चिखल

बेटावरचे मोठे फादर तापानं आणि हगवणीनं अंथरुणाला खिळले होते, आणि त्यांच्या औषधांचा पत्र्याचा डबा खाडीच्या अलीकडे, मिशनच्या बंगल्यात टेबलावर पडून होता. मिशनची होडी मागच्या वादळात फुटलेली. तेव्हा ओहोटी लागली की खाडीचा चिखल तुडवत निघायचं आणि भरती चढायच्या आत बेट गाठायचं, एवढा एकच मार्ग उरला होता. ही कामगिरी आली धाकट्या पाद्र्याच्या वाट्याला. परदेशात पाऊल टाकून त्याला जेमतेम आठवडा झाला होता, आणि तेवढ्यात त्याची एका गोष्टीबद्दल खात्री पटली होती: देवानं हा देश घडवला तो हात न धुता!

त्याला दिलेल्या खोलीच्या भिंतींना इतकी ओल होती, की टांगलेला कोट खुंटीवरच शेवाळून हिरवा व्हायचा. झुरळं अशी धिप्पाड, की ती जिना चढू लागली म्हणजे पायऱ्या करकरायच्या. उशीला आजवरच्या सगळ्या पाद्र्यांच्या डोक्याचं तेल मुरलेलं. आंघोळीच्या पिंपात एक बेडूक राहायचा, आणि झाकण काढलं की तो 'दार वाजवून यायची पद्धत नाही का तुमच्यात?' अशा नजरेनं पाहायचा. आणि ह्या सगळ्याकडे पाहून पाद्र्यानं हसायचं! कितीही किळस आली तरी तोंडावर दिसू द्यायची नाही, हे त्याच्या शिक्षणात पहिल्या दिवसापासून घोटवून घेतलं होतं. बिचारा सकाळपासून संध्याकाळपर्यंत हसत असायचा. बंगल्यावरच्या आचाऱ्याला वाटायचं, ह्याची दाढ दुखते.

हा आचारी म्हणजे पिंपाला सदरा घातल्यासारखा गोल माणूस. निघायच्या दिवशी सकाळी त्यानं चहा ठेवला, पाद्र्यानं डोळे मिटून आभाराची प्रार्थना केली आणि डोळे उघडून पाहतो तो कपात दोन माशा पोहताहेत.

"तिसरी होती, ती आपली आपण बाहेर आली," आचारी म्हणाला.

"अहो, मग सांगायचं नाही का मला?"

"प्रार्थनेच्या मधे?" आचाऱ्यानं कानाला हात लावला. "भलतंच! मोठ्या फादरांची शिस्त आहे. आभाळ कोसळलं तरी आमेन म्हणेपर्यंत तोंड उघडायचं नाही."

पाद्री हसला. माशांकडे पाहून हसला आणि चहा खिडकीतून ओतून दिला.

वाट दाखवायला एक काटकुळा मासेमार आला. त्याचे पाय गळ्यापासूनच सुरू झाल्यासारखे लांब होते, म्हणून सगळे त्याला बगळा म्हणत. त्यानं चिखलावरून सामान ओढायची एक रुंद फळी आणली होती, पुढे दोर बांधलेली. डबा तिच्यावर सहज मावला असता. पण पाद्र्यानं आतून आपली पायपेटी ओढत आणली.

ही पायपेटी त्यानं घरून बोटीतून आणली होती. पॉलिश केलेलं लाकूड, पांढऱ्याशुभ्र पट्ट्या. ह्या अख्ख्या देशात स्वच्छ अशी तेवढी एकच वस्तू आहे, असं त्याचं मत होतं. दिवसातून चारदा तो ती पुसायचा, आणि पुसताना मात्र खरंखुरं हसायचा.

"ही कशाला?" बगळ्यानं विचारलं.

"इथे ठेवली तर मी येईपर्यंत उंदीर हिचा भाता खाऊन टाकतील."

"आणि चिखल काय हिला ओवाळणार आहे?"

"घेऊ दे रे," आचारी मधे पडला. "मोठ्या फादरांना सूर ऐकून जमाना झाला. निम्मा ताप त्यानंच उतरेल. मी ढकलतो मागून!"

बगळ्यानं पायपेटी मेणकापडात गुंडाळून फळीवर आवळली, औषधांचा डबा स्वतःच्या डोक्यावर बांधला आणि बजावलं, "मी चालेन तिथेच पाय टाकायचा. आणि रेंगाळायचं नाही. एकदा पाणी फिरलं की ते घोड्यावर बसून येतं!"

मंडळी निघाली.

ओहोटीनं उघडी पडलेली ती खाडी एखाद्या आजारी राक्षसाच्या जिभेसारखी क्षितिजापर्यंत लोळत होती. करडी, पांढुरकी, मधेच हिरव्या-पिवळ्या तवंगानं चकाकणारी, आणि तिच्यातून सडलेल्या शेवाळाचा, कुजक्या शिंपल्यांचा, उघड्या गटाराचा असा मिळून एक वास येत होता, जो नाकानं नव्हे तर चमच्यानं घ्यावा इतका दाट होता. पहिल्याच पावलाला चिखलानं पाद्र्याचा बूट काढून घेतला. तो काढायला वाकला तर दुसराही गेला. मोजे गेले. आणखी थोडा वेळ मिळाला असता तर चिखलानं पायाची नखंही ठेवून घेतली असती! अनवाणी पायांच्या बोटांमधून तो गार, बुळबुळीत लगदा वर यायचा आणि त्यात काहीतरी जिवंत वळवळायचं. डोळे वटारलेले छोटे मासे चिखलावर टुणटुण उड्या मारत त्याच्या घोट्यांवर येऊन बसत होते.

"छान आहे!" पाद्री हसून म्हणाला.

"दाढेत लवंग धरा फादर," मागून आचारी ओरडला.

निम्मी वाट सरली आणि बगळा थबकला. समोर एक काळी टेकडी आडवी पडली होती. टेकडी कसली? मेलेला देवमासा! वादळानं तो खाडीत फेकला होता आणि त्याला बरेच दिवस झाले होते. किती, ते नाक सांगत होतं. त्याच्यावर माशांचा असा ढग होता, की खाली सावली पडली होती.

"वळसा घालू," पाद्री रुमालातून म्हणाला.

"दोन्हीकडे दलदल आहे. उभा माणूस टोपीसकट जातो," बगळा म्हणाला. "ह्याच्या पाठीवरून जायचं."

"पाठीवरून?"

"पोटातून जायचं असेल तर तसं सांगा!"

चढले! फळी दोरानं वर ओढली. पायाखालचं कातडं जुन्या गादीसारखं दबत होतं आणि प्रत्येक पावलाला आतून 'बुळुक' असा आवाज येत होता. बगळा हलक्या पावलांनी पार झाला. आचारी बसून घसरत गेला. पाद्र्यानं मात्र घाईत ठाम पाऊल टाकलं.

फस्स!

पाय मांडीपर्यंत आत गेला. आत गरम होतं! आणि मग त्या भोकातून दिवसचे दिवस कोंडलेला वारा शिट्टी वाजवत सुटला, आणि त्याबरोबर पिवळसर, चिकट, धाग्याधाग्यांचं असं काहीतरी उडालं, जे पाद्र्याच्या छातीवर, दाढीत, कानात आणि हसरं ठेवलेल्या उघड्या तोंडात जाऊन बसलं.

तो पलीकडे कसा उतरला, त्याला आठवत नाही. पुढे वाळूचा थोडा उंचवटा होता. तिथे तो गुडघ्यांवर कोसळला. सकाळी खाल्लेलं बाहेर आलं, रात्रीचं आलं, आणि बोटीवर खाल्लेलंही थोडं आलं असावं. ही माणसं हे रोज करतात? आपण इथे कशासाठी आलो? कुणी बोलावलं होतं? उद्या पहिल्या बोटीनं परत जावं! मनात हे आलं आणि त्याला भयंकर लाज वाटली. तिकडे एक म्हातारा मरणाशी झुंजतोय, आणि आपण दाढीतली घाण मोजतोय!

त्यानं हात जोडले, डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. बळ दे, म्हणाला. सहनशक्ती दे. नाक बधिर कर. आपल्या सगळ्या चुका सांगितल्या, घरच्या मंडळींना आशीर्वाद मागितले, आचाऱ्यासाठी मागितला, बगळ्यासाठी मागितला, देवमाशासाठीही मागितला. संपवावंसं वाटेना, कारण डोळे उघडले की स्वतःचा अवतार दिसणार! मधेच गुडघ्यांना गार वाटलं. देवानं ऐकलं, असं त्याला वाटलं. गारवा कमरेपर्यंत आला, तसा त्याच्या भक्तीला आणखीच पूर आला.

"आमेन!"

डोळे उघडले. सगळीकडे पाणी!

बगळा मांडीभर पाण्यात, डबा डोक्यावर, मान खाली घालून उभा. आचारी पोटापर्यंत पाण्यात, हात जोडून उभा. दोघंही एकदम किंचाळले, "भरती!"

"अरे, मग बोलायचं नाही का?"

"आमेनच्या आधी?" आचारी रडकुंडीला आला. "आता पुन्हा करू नका हो! पळा!"

पळाले! बेट समोर दिसत होतं, झोपड्या दिसत होत्या, पण मधे खाडीचा खोल पाट होता आणि तो भरत चालला होता. पाणी गढूळ, फेसाळ, वाहून आणलेल्या घाणीनं भरलेलं. लिबलिबीत जेलीफिश मांड्यांना चाटून जात होते. देवमाशाचे तुकडेही ह्या मंडळींबरोबर बेटाकडे निघाले होते!

"मला पोहता येत नाही!" आचारी ओरडला आणि गडप झाला.

पाद्र्यानं बुडी मारली. हाताला केस लागले. ओढले. आचारी वर आला, पण त्या पिंपाला धरून ठेवायचं कुणी? तेवढ्यात फळी शेजारून तरंगत आली. पायपेटीच्या भात्यात हवा होती आणि ती डौलात होडीसारखी डुलत होती. पाद्र्यानं आचाऱ्याचे दोन्ही हात तिच्यावर टाकले. "सोडू नका!"

दोर बगळ्याच्या हातात दिला आणि पाद्री मागून रेटू लागला. आचाऱ्याचं वजन पडलं की मेणकापडाखालची पायपेटी केविलवाणा 'भोंऽऽ' असा सूर काढायची. लाट आली की भोंऽऽ! आचारी किंचाळला की भोंऽऽ!

पाट अर्धा ओलांडला आणि प्रवाहानं पकडलं. फळी गर्रकन फिरली. बगळ्याचे लांब पाय पलीकडच्या चिखलात रोवले होते, पण तोही ओढला जाऊ लागला. डोक्यावरचा डबा कलला!

"फादर! फळी सोडा नाहीतर माणूस सोडा!" तो ओरडला. "फळीला पाणी ओढतंय! डबा जाईल!"

पाद्र्यानं एकदा पायपेटीकडे पाहिलं. मेणकापड सुटलं होतं, पांढऱ्या पट्ट्यांवर चिखल बसला होता, आणि त्यांच्यावर एक खेकडा आरामात चालत सूर काढत होता. त्यानं दोर फळीवरून सोडवला, आचाऱ्याच्या कमरेला आवळला आणि ओरडला, "ओढ!"

बगळ्यानं ओढलं. पाद्र्यानं रेटलं. आचारी एखाद्या गोणीसारखा चिखलात येऊन पडला. पायपेटी मोकळी झाली, दोनदा डुलली आणि भोंऽऽ करत प्रवाहाबरोबर खाडीच्या आतल्या दलदलीकडे निघून गेली. पाद्री उभा राहून बघत होता.

"डबा कोरडा आहे," बगळा म्हणाला. "चला."

मोठ्या फादरांच्या झोपडीचं दार उघडलं आणि पाद्र्याला देवमाशाची आठवण आली. म्हातारा स्वतःच्या घाणीत पडला होता. दोन दिवस उठताच आलं नव्हतं. सेवा करणारी शेजारीण स्वतःच आजारी पडली होती.

"आलास?" म्हातारा पुटपुटला. "वास येतोय का रे तुला?"

"नाही, नाही फादर!" धाकटा हसला.

"खोटारडा! अरे, मलासुद्धा येतोय."

धाकट्याचं हसू गळून पडलं. "येतोय," तो म्हणाला. "भयंकर येतोय. मी आता ओकणार आहे."

"मग बाहेर जाऊन ये. आणि परत ये."

तो बाहेर गेला आणि परत आला. बगळ्यानं पाणी आणलं, आचाऱ्यानं ते तापवलं. धाकट्यानं म्हाताऱ्याला पुसलं, अंथरूण बदललं, मधे पुन्हा बाहेर गेला, पुन्हा परत आला. मग डब्यातली कडू पूड पाण्यात कालवून त्यानं म्हाताऱ्याला पाजली. आणि सगळं औषध धाकट्याच्या छातीवर परत आलं!

आचाऱ्यानं डोळे मिटून घेतले. हे औषध पोटात राहिलं नाही, तर म्हातारा उद्याचा दिवस बघणार नाही, हे तिघांनाही कळत होतं.

"शी!" धाकटा म्हणाला, आणि त्याच हातांनी दुसरी पूड कालवली. ह्या वेळी त्यानं म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि थेंब थेंब पाजलं. थांबला. पुन्हा थेंब. गळ्याची घाटी हलली. पोट गुरगुरलं. तिघंही त्या पोटाकडे बघत राहिले.

काही आलं नाही. औषध राहिलं.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर म्हाताऱ्याचा ताप उतरला आणि त्यानं पेज मागितली. धाकटा हात धुवायला दाराशी आला, तर बाहेर माणसांची रांग. डबा आल्याची बातमी बेटभर पसरली होती. सगळ्यांत पुढे एक म्हातारी बसली होती. तिनं टाचेवरची चिंधी सोडली. चिंधी लवकर सुटेना. सुटली तेव्हा खाली लिंबाएवढं, हिरवट, पिकलेलं गळू होतं, आणि त्याच्या वासानं रांगेतला माणूस एक पाऊल मागे सरकला.

"शी, आजी!" धाकटा पाद्री ओरडला. "काय ही घाण!"

म्हातारी मागे वळली आणि विजयानं सगळ्यांकडे पाहू लागली.

"ऐकलंत? मी कधीची सांगतेय! तर तुमचं आपलं, काही नाही, काही नाही." मग तिनं पाय त्याच्यापुढे केला. "हं, आता फोड."

पाद्र्यानं नाक मुरडलं, तोंड वाकडं केलं आणि स्टूल पुढे ओढलं.