भिंतीवरचं गवत

ठिणगीने ब्रश पाण्याच्या डब्यात उभा केला आणि सांगून टाकलं, "मी गवत रंगवणार नाही."

संग्रहालयाच्या नव्या दालनात भिंत रंगवायचं काम चाललं होतं. तिचा मावसभाऊ चष्मिश शिडीवर होता, तो तिथेच थांबला. तिचा धाकटा भाऊ शेपूट ताईचा हा आवाज चांगला ओळखत होता. त्याने मुकाट्याने रंगांच्या डब्यांना झाकणं लावायला घेतली.

ही भावंडं सुट्टीत मावशीकडे आली होती. मावशी इथेच काम करायची, दगडात अडकलेली हाडं मोकळी करायचं. दालनाचं उद्घाटन परवावर आलं होतं आणि भिंत अर्धीच रंगली होती, म्हणून मुलांनाही कामाला जुंपलं होतं.

भिंतीवर एक प्राणी उभा होता. घोड्याचा फार जुना पूर्वज, शेळीएवढा, पायांना तीन-तीन बोटं. त्याचा जबडा मावशीलाच टेकडीवर सापडला होता. चित्रात मात्र तो गुडघाभर गवतात चरत होता.

संग्रहालयाचे संचालक काम बघायला आले होते, त्यांनी कारण विचारलं. ठिणगी म्हणाली, की याचे दात बुटके आहेत. गवत चावताना दात लवकर झिजतात, म्हणून गवत खाणाऱ्यांचे दात उंच लागतात. हा गवत खात बसला असता, तर तरुणपणीच बोळका झाला असता. हा झाडांचा पाला खायचा, म्हणजे तिथे तेव्हा जंगल होतं.

"ती टेकडी मी पाहिली आहे," संचालक म्हणाले. "सगळीकडे गवतच आहे. ज्याला रंगवायचं नसेल, त्याने घरी जावं."

ठिणगी घरी गेली नाही. ती मावशीच्या खोलीत गेली. मावशीने तिचं सगळं ऐकून घेतलं. तिने स्वतः हेच सांगून पाहिलं होतं, पण संचालकसाहेबांनी ते उडवून लावलं होतं. आता त्या चित्राखाली जबडा शोधणारी म्हणून तिचंच नाव लागणार होतं.

"चुकीच्या चित्राखाली तुझं नाव?" ठिणगी म्हणाली. "बघतेच मी कसं लागतं ते."

चष्मिशने आठवण करून दिली, की साहेबांनी दातांवरच डॉक्टरेट मिळवली आहे. इतके दिवस शेपटाला ते दातांचे डॉक्टर वाटत होते. तो त्यांच्यासमोर तोंडच उघडत नसे. ठिणगी मात्र विचारात पडली.

मावशीच्या परवानगीने त्यांनी सूक्ष्मदर्शकातून तीन दातांचे फोटो काढले. एक आजच्या घोड्याचा, एक जिराफाचा आणि एक त्या जबड्यातला. तिन्ही एकाच मापात छापले. नावं कुठेच घातली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब पाहुण्यांच्या खुर्च्या मांडून घेत होते. ठिणगीने फोटो पुढे केले. यातलं गवत खाणारं कोण, एवढंच तिने विचारलं. आम्हाला ओळखता येईना, असं चष्मिशने साळसूदपणे जोडलं.

साहेबांची कळी खुलली. हा गवत खाणारा, त्यांनी पहिल्या फोटोवर बोट ठेवलं. दातावर बारीक ओरखडे आहेत, एकाच दिशेने, दाट. या दोघांवर ओरखडे तुरळक आहेत, हे पाला खाणारे. "यांना माळावर सोडा, उपाशी मरतील," ते म्हणाले.

"नक्की, साहेब?"

"अगं, डोळे मिटून सांगेन."

"मग तिसऱ्याला तुम्ही माळावर का सोडलंय?" ठिणगीने भिंतीकडे पाहत विचारलं.

साहेबांनी तिसरा फोटो पुन्हा हातात घेतला. मग जबड्याच्या काचपेटीपाशी जाऊन बराच वेळ वाकून उभे राहिले. परतले तेव्हा त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि शेपटाला पांढरा रंग मागितला. गवतावरचा पहिला पट्टा त्यांनी स्वतः मारला.

उद्घाटनाला जंगल अर्धंच उभं राहिलं होतं. साहेबांनी पाहुण्यांना कारण सांगितलं आणि स्वतःची चूकही. टाळ्या पडल्या त्या मावशीसाठी आणि मुलांसाठी. मुख्य पाहुण्या बाईंनी तिघांची पाठ थोपटली.

गर्दी ओसरल्यावर साहेब ठिणगीला म्हणाले, "शाबास. पण पुढच्या वेळी असं कोंडीत पकडू नकोस, नीट समजावून सांग."

"सांगितलं होतं," ठिणगी म्हणाली. "तुम्ही मला घरी जायला सांगितलंत."