आवाज कोणी वाढवला?

पहिल्याच भेटीत त्याने मला शिष्ट ठरवलं आणि मी त्याला आगाऊ. दोघंही चुकलो होतो, पण ते कळायला वेळ लागला.

मी मुलांच्या वॉर्डात नर्स. त्या सकाळी खिडक्यांवर पाऊस ताडताड वाजत होता, वाफ द्यायची मशीनं घरघरत होती आणि सगळी पोरं ठरवल्यासारखी एकदम रडत होती. एका चिमुरडीच्या पाठीवरून मी स्टेथोस्कोप नुकता काढला होता. छाती साफ वाटली म्हणून पुढच्या खाटेकडे वळले, तर समोर एक उंच माणूस. केस भिजलेले, हातात पुठ्ठ्याचा खोका.

"किती हाका मारल्या, सिस्टर! ऐकू येत नाही, की ऐकायचं नाही?"

"कानात नळ्या होत्या माझ्या. दिसल्या नाहीत?"

"नळ्या गळ्यात होत्या," तो हसत म्हणाला. "पण असू दे... कानात होत्या म्हणू."

असा आगाऊ! तो हॉस्पिटलचा नवा मशीनवाला होता. बिघडलेलं काहीही आधी त्याच्याकडे जायचं. खोक्यात इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप होता, कंपनीने वापरून बघायला दिलेला. नर्सेससाठी असे विकत घ्यायचे की नाही ते ठरायचं होतं, आणि मेट्रनबाईंनी सांगून टाकलं होतं, मुलांच्या वॉर्डाचा शब्द शेवटचा. म्हणजे माझा. कारण कान असावेत तर हिच्यासारखे, अशी माझी ख्याती.

ख्याती जुनी झाली होती. डावा कान मला केव्हाचा दगा देत होता आणि मी कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. घरी आई करवादायची, "अगं, आवाज कमी कर, शेजाऱ्यांकडे त्यांचा टीव्ही आहे!" मी रिमोटवर खापर फोडायचे. कानाने अधू नर्सला वॉर्डात कोण ठेवणार? टेबलामागे बसवतील, कागद लावायला. आणि मला तर सुट्टीच्या दिवशीही या पोरांशिवाय करमत नाही.

"लावून तर बघा," तो म्हणाला.

मी नाक मुरडत त्याच चिमुरडीच्या पाठीला लावला. बटण दाबून आवाज वाढवला, अजून वाढवला... आणि अगदी खाली बारीक चुरचुर ऐकू आली. कानाशी केस चोळावेत तशी. आत्ताच तर मी ही छाती साफ ठरवली होती! धावत जाऊन डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी लगेच औषध सुरू केलं. पोर वाचली म्हणण्याइतकं काही झालं नव्हतं, पण होऊ शकलं असतं.

"मग? कसा वाटला?" त्याने विचारलं.

"काही खास नाही. उगाच खर्च."

त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मी गादी सारखी करायला घेतली.

मग तो रोज यायचा. म्हणे मत घ्यायला. मी मतं ढीगभर दिली. हा जड आहे, मान दुखते. चार्जिंग संपलं की नुसतं लोढणं. साधा कसाही पुसावा, याला पाणी लागू द्यायचं नाही. आणि पोर रडायला लागलं की तो रडणंही मोठं करून ऐकवतो, कानठळ्या बसतात.

"चांगलं काहीच नाही?"

"खोका छान आहे."

"आणि आणून देणारा?"

"तो खोक्यापेक्षा बडबड्या आहे," मी म्हणाले, आणि हसू लपवायला औषधाच्या ट्रॉलीत डोकं खुपसलं. वाईट माणूस नव्हता. हात सतत स्पिरिटने पुसलेले, बोटं लांब, आणि पोरांना मॉनिटरच्या वायरींच्या गोष्टी सांगायचा. तो यायच्या वेळेला मी केस नीट करायला लागले होते, खोटं कशाला बोलू.

पण त्याची पाठ वळली की मी तोच स्टेथोस्कोप वापरत होते. प्रत्येक पोराला, आवाज पार टोकाला नेऊन.

पकडले गेले ते माझ्याच वेंधळेपणामुळे. हे यंत्र बंद केलं तरी शेवटचा आवाज लक्षात ठेवतं, हे मला कुठे ठाऊक! एका दुपारी तो वॉर्डात असतानाच दुसऱ्या नर्सने ते कानाला लावलं आणि किंचाळलीच, "अगं आई गं! आवाज कोणी वाढवला एवढा? माझ्या कानाचे पडदे फाटले असते!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. तो मात्र हसला नाही.

मी हात धुवायला गेले, तर तो मागोमाग आला. "सिस्टर... डावा कान, ना?"

"तुम्हाला काय करायचंय?" मी नळ जोरात सोडला.

"काही नाही. म्हणून तर रोज तुमच्या उजव्या बाजूने येतो."

माझे हात साबणासकट थांबले. खरंच की! ट्रॉलीपाशी, जिन्यात, चहाच्या टपरीवर... हा कायम उजवीकडे. मग राग आला, कारण रडू येण्यापेक्षा तो बरा.

"सांगा जाऊन मेट्रनबाईंना. होऊ दे माझं हसं."

"मी कशाला सांगू? पण तुम्ही नको म्हणालात तर हे परत जाईल. मग पुढच्या पोराचं काय?" तो हळू, पण स्पष्ट बोलत होता. "आणि तुमचं काय?"

रात्री जेवण गेलं नाही, आईला वाटलं ताप आलाय.

शेवटी मेट्रनबाईंच्या खोलीत बैठक झाली. सगळ्या वॉर्डांच्या नर्सेस, आणि दाराशी तो. "बोल गं," मेट्रनबाई म्हणाल्या. "घ्यायचे की नाही?"

"सगळ्यांना नकोत," मी म्हणाले. "शांत वॉर्डात साधा पुरतो, उगाच मान मोडायला नको. आमच्याकडे मात्र हवा, गोंगाटात साध्याने निसटतं. आणि ज्यांचे कान अधू आहेत त्यांना आधी द्या. म्हणजे... मला. डाव्या कानाने मला कमी ऐकू येतं. मी लपवलं. एका मुलीची छाती माझ्याकडून निसटली होती, ती या यंत्रानेच पकडली."

मेट्रनबाईंनी चष्मा काढला. "लपवलंस ते वाईट केलंस. फार वाईट." मग चष्मा परत चढवला. "दोन मागवते. एक तुझ्या गळ्यात. टेबलामागे बसवलं तर माझी पोरं कोण बघेल? आणि आजच्या आज कान तपासून ये."

कान तपासायची ती काचेची खिडकी असलेली कोंदट खोली. तपासणाऱ्या बाईंनी हेडफोन हातात दिला. "शिट्टी ऐकू आली, कितीही बारीक असो, की हात वर करायचा." त्या बाहेर गेल्या. तो आतच होता, वायर तपासायच्या निमित्ताने.

"ऐक," मी म्हणाले. अहोजाहो केव्हा गळून पडलं कोण जाणे. "आत्ताच बोलते. रिपोर्ट चांगला आला तर म्हणशील आनंदात बोलली, वाईट आला तर म्हणशील रडवेली होऊन."

त्याने ओठांवर बोट ठेवलं, भिंतीकडे हातवारे केले.

"मध्ये तोंड घालू नकोस! मला तू आवडतोस. खूप. उजवीकडून यायला लागलास त्याच्याही आधीपासून."

त्याने कपाळाला हात लावला. भिंतीतल्या जाळीतून आवाज आला, "सिस्टर, आतला माईक चालू असतो हो. बाहेरच्या रांगेनेही ऐकलं. एक आजी विचारतायत, मुलगा काय करतो?"

"मशीनं दुरुस्त करतो, आजी," तो जाळीकडे तोंड करून म्हणाला.

"तुला माहीत होतं!"

"हा माईक मीच बसवलाय. कधीचा खुणा करतोय..."

"आणि उत्तर?"

तो नुसता हसला आणि बाहेर गेला. मेल्याहून मेल्यासारखी होऊन मी हेडफोन चढवला. उजव्या कानात शिट्ट्या आल्या, मी हात वर करत गेले. मग डावा. एखादी आली... मग काहीच नाही. काचेपलीकडे बाईंचं बोट बटणावर पडताना दिसत होतं, म्हणजे शिट्टी वाजत होती. मला ऐकू येत नव्हती. डोळे भरून आले. हात मांडीवरच राहिला.

काचेपलीकडे त्याने बाईंच्या कानाशी काहीतरी सांगितलं. त्यांनी हसून माईक त्याच्याकडे सरकवला आणि आवाज वाढवला, बराच.

"मलाही. पहिल्या दिवसापासून," तो माझ्या डाव्या कानात म्हणाला.

मी हात वर केला.