घंगाळातली तवकीर

वाल्मीक गुरुजींचा पाय रत्नाच्या घंगाळात पडला, तेव्हा पौषातली सकाळ होती आणि ओढ्यावरचं धुकं अजून हललं नव्हतं. आता माणसाचा पाय घसरला तर चिखलात पडतो, शेणात पडतो, फार तर खड्ड्यात पडतो. ह्याचा नेमका तवकिरीत पडला. ज्याचं त्याचं नशीब, दुसरं काय.

साठ-एकसष्टचा सुमार. मुळशीच्या धरणाकाठच्या त्या वाडीत बोर्डाच्या शाळेवर हा नवा मास्तर आला होता. मूळचा मारुंजीचा, शेतकऱ्याचाच मुलगा. पुण्यात दोन वर्षं सायन्स शिकला, वडील गेले आणि शिक्षण अर्ध्यावर सोडून नोकरीला लागला. त्या दिवशी शाळेला उशीर झाला म्हणून चपला हातात घेऊन त्यानं ओढ्यावरून उडी टाकली आणि पलीकडे कोण बसलंय हे पाहिलंच नाही.

पलीकडे रत्ना बसली होती. कोंडाजी आणि सारजाबाईंची थोरली लेक, एकोणीस वर्षांची. हात चलाख आणि जीभ त्याहून चलाख. रानातून खणून आणलेले कंद ती किसायची, फडक्यातून गाळायची, पांढरा साका तळाला बसला की वरचं कडू पाणी ओतून ताजं घालायची. असं चार-पाच दिवस केलं, की कडूपणा जातो. मग साका उन्हात वाळवला की झाली तवकीर. शेवटचं पाणी ओतून तिनं साका नुकताच सैल केला होता, आणि वरून हा आला.

गंमत म्हणजे पाय बुडाला नाही. दगडावर पडावा तसा टण्णकन टेकला. गुरुजींनी चकित होऊन खाली पाहिलं, आणि ते पाहत उभे राहिले तसा पाय सावकाश आत जायला लागला... घोट्यापर्यंत गेला. त्यांनी घाबरून हिसका दिला, तर पायाबरोबर घंगाळच उचललं गेलं.

"ओढू नका, गुरुजी," रत्ना म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. "हिसका दिला की धरती ती. नुसते उभे ऱ्हावा. आता हळू... आनिक हळू. टाच आधी."

पाय अलगद सुटला.

"अगं, पण आत्ता तर दगडासारखी लागली."

"तुमी दगडासारखे पडला म्हनून."

गुरुजींचे कान लाल झाले. पाच दिवसांची मेहनत वाया गेली होती. सगळं पुन्हा धुवायचं होतं. ते म्हणाले, "मी रोज शाळा सुटली की येऊन कंद किसून देईन." रत्नाला वाटलं, बोलायचं म्हणून बोलला असेल. पण संध्याकाळी बाह्या दुमडून स्वारी दारात हजर.

"किसू द्या की," सारजाबाई चुलीपाशी म्हणाल्या. "बोटं तेवढी ठिवा म्हनावं शिल्लक."

पाच दिवस झाले, सहावा झाला, दहावा झाला. कंद संपत आले तरी गुरुजी येतच होते. घंगाळात मूठ आपटायची, ती वरच अडकली की खूष व्हायचं. मग एक बोट अलगद सोडायचं, ते आत गेलं की त्याहून खूष. "काय चमत्कार आहे गं हा?" असं रोज विचारायचं. रत्ना म्हणायची, "चमत्कार कसला, तवकीरच हाय ती." पण ती बघायची ते त्यांच्या बोटांकडे. खडूनं पांढरी झालेली लांब बोटं होती, आणि बोलताना ती हवेत काहीबाही काढत असायची.

एकदा साका उचलायला शिकवताना तिनं पाण्याखाली त्यांचं मनगट धरलं. "असं... खालून. हिला कळू द्यायचं न्हाई, की आपन काडतोय." गुरुजींना पकड तर केव्हाच जमली होती. तरी तिनं मनगट सोडलं नाही, आणि गुरुजींनाही काही घाई नव्हती. घरातून सारजाबाई खोकल्या, तेव्हा कुठं दोघांचे हात पाण्याबाहेर आले.

सगळं असं छान चाललेलं. पण गुरुजींना अवदसा आठवली आणि त्यांनी तवकिरीच्या ह्या चमत्काराबद्दल पुण्याला पत्र लिहिलं.

शनिवारच्या एस.टी.नं एक बाई उतरली. पांढरी पातळ साडी, मनगटावर घड्याळ, खांद्याला पिशवी, हातात छत्री. गुरुजींच्या बरोबर शिकलेली. आता कॉलेजात प्रयोग शिकवत होती. तिला नाव होतं, चांगलं नाव होतं. पण रत्नानं ते कधी घेतलं नाही, तेव्हा आपणही घेऊ नये. पुण्याची बाई म्हणू.

ती उतरली आणि पहिला शब्द काय बोलली, तर, "अरे वाल्मीक, किती वाळलास रे."

अरे. वाळलास. रे. रत्ना ज्याला दोन महिने गुरुजी, तुमी, बसा, घ्या म्हणत होती, त्याला ही बया भर रस्त्यात अरे म्हणाली, आणि तो हसला. वर कडी म्हणजे घरापर्यंत यायच्या आत अवकाळी सर आली आणि एका छत्रीत दोघं. रत्ना पुढं भिजत चालली होती. "रत्ना, ये ना छत्रीत," गुरुजींनी हाक मारली. "मी काय गुळाची हाय इरघळायला," ती म्हणाली आणि मुद्दाम डबक्यातून गेली.

घरी आल्यावर बाईनं घंगाळापाशी फतकल मारली. रत्ना म्हणाली, "घाला की हात. घाला आन् खेचा जोरात." तिला वाटलं, अडकेल, घड्याळ भिजेल, रडेल. हात अडकला, घड्याळ भिजलं, आणि बाई लहान मुलीसारखी हसायला लागली. "वाल्मीक, बघ, बघ, सोडत नाही रे!"

मग ती समजावून सांगायला लागली, आणि सांगायची पण चांगली, हे रत्नाला आणखीच झोंबलं. पाणी कसंही ढवळा, ते तेवढंच पातळ. मध घट्ट, पण कितीही जोर लावा, तेवढाच घट्ट. न्यूटन नावाच्या शास्त्रज्ञानं घालून दिलेला नियम ही मंडळी पाळतात. तवकीर पाळत नाही. तिच्यात बारीक कण असतात, आणि कणाकणात पाण्याचा पातळ थर. हळू हलवलं तर कण एकमेकांना वाट देतात. एकदम रेटलं तर पाणी बाजूला होतं आणि कण कणाला भिडून अडून बसतात. जोर गेला की पुन्हा सैल. दही ह्याच्या उलट. घुसळलं की पातळ होतं.

"आमाला ठावं हाय," रत्ना म्हणाली. "जोर केला की अडती."

"तेच तर. तुम्हाला ठाऊक आहे, आम्हाला मोजायचंय," बाई म्हणाली. तिच्या आवाजात जराही कुचकेपणा नव्हता. असता तर रत्नाला बरं वाटलं असतं.

रात्रीच्या मुक्कामाला बाई रत्नाच्याच घरी होती. जेवताना ती गुरुजींना म्हणाली, "आमच्या प्रयोगशाळेत एक जागा रिकामी आहे. सोमवारी माझ्याबरोबरच चल. साहेबांपुढं ही तवकीर ठेवायची, आणि तुलाही उभं करायचं. इथं पाटीवर अ आ इ गिरवत बसणार आहेस का जन्मभर?" गुरुजींचा घास हातातच राहिला. त्यांनी रत्नाकडे पाहिलं. रत्नानं त्यांच्या पानात भाकरी वाढली, आमटी वाढली, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही.

रविवारी दुपारी ते ओढ्यावर आले. "रत्ना, काय करू मी?"

"मला काय इचारता? मी काय तुमची हेडमास्तर हाय?"

"तुला काय वाटतं, ते सांग."

"काय वाटायचंय. पुणं चांगलं असतंय म्हन्त्यात."

"नीट सांग. जाऊ का नको? एका शब्दात सांग. रत्ना, मी विचारतोय ना... सांग, मला आत्ता सांग."

ते जसजसे मागं लागले तसतसे तिचे ओठ मिटत गेले. खरं तर तिला एवढंच म्हणायचं होतं, की जाऊ नका. पण समोर सारखी ती छत्री दिसत होती. "जावा की," ती म्हणाली. "अडवलंय कुनी?" गुरुजी गेले. ती कपडे धूत राहिली. धुतलेलेच पुन्हा धुतले तिनं.

सोमवारी सकाळी बाई आवरत होती. चिनी मातीच्या बरणीत ओली तवकीर भरून, तोंडाला फडकं बांधायचं काम रत्नाकडे होतं. चुलीवर अंघोळीचं पाणी कढत होतं.

रत्नानं एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा बरणीकडे. तवकिरीत कढत पाणी पडलं, की तिची खळ होते. मग ती ना धरत, ना सोडत. नुसती चिकट लिबलिबीत बसते, आणि पुन्हा काही केल्या तवकीर होत नाही. मुळशीतल्या कुठल्याही बाईला हे ठाऊक होतं. पुण्याच्या बाईला कुठलं ठाऊक असायला? असेलही, पण फडक्याखालचं थोडंच दिसतंय. साहेबांपुढं सोड म्हणावं फडकं. घाल म्हणावं हात, आणि म्हण अरे वाल्मीक बघ. तिनं वरचं पाणी ओतलं, दोन तांबे कढत पाणी घातलं, पळीनं ढवळलं आणि फडक्याची गाठ घट्ट मारली. हात भाजला, तोही तिला कळला नाही. जिवाला मात्र गार वाटलं, थांब्यापर्यंत.

थांब्यावर गाडी उभीच होती. गुरुजी लोखंडी ट्रंक घेऊन आले होते. त्यांचा चेहरा पाहून रत्नाला वाटलं, ह्यांनी रात्रभर डोळ्याला डोळा लावला नाही. ते गाडीत चढले. बाईनं बरणी मांडीवर घेतली आणि खिडकीतून म्हणाली, "रत्ना, तुझे फार उपकार आहेत गं. साहेब नुसत्या बोलण्यावर विश्वास ठेवायचे नाहीत. त्यांना मी कळवलंय, की हे वाल्मीकनं हेरलं. आज ही बरणी त्यांच्यापुढं उघडली, की त्याची जागा पक्की."

रत्नाला घाव घालायचा होता एकीला, आणि तो बसणार होता दुसऱ्याला. परक्या गावात, साहेब लोकांपुढं, गुरुजी त्या लिबलिबीत खळीशेजारी मान खाली घालून उभे असलेले तिला दिसले. ते जावोत. जन्मात परत न येवोत. पण त्यांची अशी शोभा व्हायला नको.

कंडक्टरनं घंटी ओढली.

"थांबवा गाडी," रत्ना म्हणाली. तिनं खिडकीची दांडी धरली. "बाई, ती बरनी उघडू नका तितं. खळ झालीया तिची. मी कढत पानी वतलंय."

बाईनं फडकं सोडलं, आत बोट घातलं, काढलं आणि बोटाकडे बघत राहिली.

"का गं?" तिनं हळूच विचारलं.

गाडीत वाडीची निम्मी माणसं होती. साळूबाई होत्या, भिवाजी होते, उद्या गावभर होणार होतं. रत्नाचे डोळे भरून आले, पण आवाज ठणठणीत निघाला.

"तुमी त्येंना अरे म्हन्ता म्हनून."

बाईनं रत्नाकडे पाहिलं, मग शेजारच्या गुरुजींकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अगं वेडे, मी आमच्या साहेबांनासुद्धा पाठीमागं अरेच म्हणते."

"बाई, जायचंय का खळ बघत बसायचंय?" कंडक्टर म्हणाला.

तेवढ्यात ट्रंक रस्त्यावर आली आणि ट्रंकेमागं गुरुजी उतरले.

"तुमी का उतरला?" रत्ना घाबरली. "घंगाळात आजून हाय. पळत जाऊन आनती. दुसरी बरनी देती मी, खरंच देती... तुमी जावा."

"मला पुणं नकोच होतं," गुरुजी म्हणाले. "पण इथं राहायला माणसाला काही कारण लागतं ना. काल दिवसभर ते तुझ्या तोंडून ऐकायला थांबलो होतो. आज गाडीभर लोकांना सांगितलंस, आणि मला ते कधी सांगणार होतीस?"

बाईनं फडकं पुन्हा बांधलं. "ही नेते मी. कढत पाण्यानं काय होतं, तेही लिहीन म्हणते," ती म्हणाली. मग जरा थांबून, हसून, "येते हं... गुरुजी."

गाडी पौडच्या वळणाला दिसेनाशी झाली. दोघं वाडीच्या वाटेला लागले. ट्रंक गुरुजींच्या खांद्यावर, रत्ना दोन हात अंतर राखून.

"आता तरी गुरुजी म्हणू नकोस मला."

"मग काय म्हनू?"

"नावानं हाक मार. तिनं मारली तर एवढा जाळ झाला तुझा. तू मार ना एकदा."

"मी न्हाई बाई. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत न्हाईत."

बोलून गेली आणि मग काय बोललो ते तिचं तिला ऐकू आलं. तिनं पदर तोंडाशी नेला, पण आता उपयोग नव्हता. गुरुजींनी ट्रंक खाली ठेवली आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहून ते तिच्याकडे बघत राहिले... इतकं, की तिला शेवटी मान वर करावीच लागली.

"उद्या मारुंजीला आईला पत्र टाकतो," ते म्हणाले. "बोलणी करायला बोलावतो तिला."

"उद्या कशाला?" रत्ना म्हणाली. "आजचं टपाल बाराला निघतंय."