साडेनऊची होडी

सकाळी नऊला फोन वाजला. भाची एवढंच म्हणाली, "मावशी, मी सही करून टाकते. मीच चुकले असेन."

मावशीने चहाचा कप खाली ठेवला. ही पोरगी चुकली तर 'चुकले' म्हणून मोकळी होणारी. 'असेन' हे तिचं नव्हतं. ते कुणीतरी तीन दिवस तिच्या डोक्यात भरवलं होतं.

"कशावर सही?"

"माफीनाम्यावर. मालकांनी टाइप करून ठेवलाय. बाराला मास्तरांचे भाऊ वकिलांना घेऊन येतायत."

"मी येते. तोवर पेनाला हात लावलास तर माझ्याशी गाठ आहे."

भाची एका ट्रॅव्हल ऑफिसात लोकांच्या सुट्ट्यांचे प्लॅन आखायची. एका शाळामास्तरांना आणि त्यांच्या बायकोला तिने उष्ण समुद्रातल्या बेटांचा आठवडा आखून दिला होता. सोमवारी पोचायचं, रोज एक बेट, रविवारी सकाळी सहाच्या विमानाने परत. मधे एक दिवस डायव्हिंग. आता डायव्हिंगचा एक नियम बंदरावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो: पाण्याखालून वर आलात की पुरता एक दिवस विमानात बसायचं नाही, रक्तात बुडबुडे होतात. भाचीने डायव्हिंग मंगळवारी ठेवलं होतं. मास्तरांच्या हातातल्या छापील प्लॅनवर मात्र शनिवार होता. रविवारी विमानातच त्यांचे पाय बधिर झाले. आज बुधवार, आणि मास्तर अजून पलंगावरून उठले नव्हते.

ऑफिस म्हणजे एक लांबट खोली. भिंतीवर बेटांचा नकाशा, त्यावर टाचण्या आणि दोरे. तीन टेबलं, कॉम्प्युटर एकच, आणि त्याचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून त्याच्याच कपाळावर चिकटवलेला. शहाण्यांचं ऑफिस, असं मावशी मनात म्हणाली.

मालक काचेच्या केबिनमधून बाहेर आले. इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी. नाकाची साल निघत होती आणि डाव्या कानात कापूस होता.

"आपण कोण?"

"हिची मावशी. बंदरावर तीस वर्षं नोकरी केली. होड्यांच्या वेळा लावायचे."

"काय?" मालकांनी उजवा कान पुढे केला. "सर्दीने कान बसलाय. जरा मोठ्याने बोला."

मावशीने तेच मोठ्याने सांगितलं. आज तिला मोठ्याने बोलायचंच होतं.

"हे बघा बाई, मलाही वाईट वाटतं," मालक म्हणाले. "पण प्लॅन हिचा, खाली नाव हिचं. मी तर इथे नव्हतोच. ते लोक निघायच्या आधीच सासुरवाडीला गेलो. सासऱ्यांना ॲडमिट केलेलं. आठवडाभर दवाखान्याच्या बाकड्यावर बसून काढलाय. परवा आलो तर हे पुढ्यात."

"कॉम्प्युटरवर काय दिसतं?"

"शनिवारच," भाची म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "छापताना फाइल पुन्हा सेव्ह झाली. आधी कुणी काय बदललं ते कळत नाही. त्या आठवड्यात माझी दाढ ठणकत होती, मावशी. गोळ्या घेऊन काम करत होते. गुंगीत मीच केलं असेल."

"गप्प बस. छापलं कोणी?"

"मी." कोपऱ्यातल्या टेबलावरून तिकीटवाला उठला. पन्नाशीचा, सदा कपाळाला आठ्या. "शुक्रवारी छापलं. वाचलं नाही."

"का नाही वाचलं?"

"आळस केला, दुसरं काय. वाचलं असतं तर बोंब मारली असती. विमानाची तिकिटं मीच काढतो." त्याने टेबलाच्या काचेवर बोट ठेवलं. खाली त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं: डायव्हिंगनंतर एक दिवस विमान नाही. "हिला माझ्या डोक्यावर बसवली, तेव्हा माझा जळफळाट झाला. लपवत नाही. म्हणून काय एखाद्याचे पाय घालवीन?"

मावशीने प्लॅन हातात घेतला. शनिवार: डायव्हिंग, होडी सकाळी साडेनऊ, सहा जणांची. ती ओळ तिने दोनदा वाचली.

"तू मंगळवारी ठेवलं होतंस, तेव्हा होडी कितीची होती?"

"साडेनऊचीच. भरती गाठायची होती ना."

मावशीने दवाखान्यात फोन लावला आणि मास्तरांच्या बायकोला एकच प्रश्न विचारला: शनिवारी होडी वेळेवर सुटली का?

"कसली वेळेवर," पलीकडून थकलेला आवाज आला. "प्लॅनप्रमाणे साडेनऊला गेलो आणि होडी वाळूत रुतलेली. साडेबारापर्यंत उन्हात बसलो. दोन डायव्ह होईपर्यंत तीन वाजले. का हो?"

"थोड्या वेळाने सांगते," मावशी म्हणाली. फोन ठेवून तिने तिघांनाही बसायला सांगितलं. मालक बसले नाहीत.

"भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते," मावशी म्हणाली. "मंगळवारी साडेनऊला असेल तर शनिवारी साडेबाराला. ही फ्रॉक घालायची तेव्हापासून मी हिला हे शिकवलंय. गुंगीत असो की झोपेत, हिने दिवस बदलला असता तर वेळही बदलली असती. ज्याने बदलला त्याने नुसता वार उचलून दुसरीकडे ठेवला. त्याला भरती कळत नाही. म्हणजे ही नव्हे."

भाचीने पहिल्यांदा मान वर केली.

"त्याला विमानाचा नियमही माहीत नव्हता. तो नियम तिकीटवाल्यांनी काचेखाली लावून ठेवलाय. म्हणजे तेही नव्हेत. या खोलीत उरलं कोण?"

"काहीतरीच काय," मालक म्हणाले. "मी कशाला बदलू?"

"मंगळवारची होडी हवी होती म्हणून. तिच्यात जागा सहाच. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून उन्हाने नाक सोलवटत नाही हो. आणि पहिल्यांदा पाण्याखाली गेलेल्या निम्म्या लोकांचे कान असेच बसतात. तुमचे सासरे ठणठणीत आहेत ना? तुमच्याबरोबर होडीतच होते की काय?"

"वाट्टेल ते बोलू नका. पुरावा आहे का?"

"होडीवाल्याला विचारू." मावशीने भाचीकडे पाहिलं. "नंबर लाव. सगळ्यांना ऐकू येऊ दे."

होडीवाल्याने भाचीचा आवाज ओळखला. मागच्या आठवड्यात मंगळवारी साडेनऊला कोण होतं, असं तिने विचारलं.

"तुमचे मालक आणि त्यांच्या सासरची मंडळी, सहा जण. त्यांनीच आधी फोन करून मास्तरांना शनिवारवर टाकलं. म्हणाले, आमच्या मंडळींना मंगळवारच सोयीचा आहे."

"मास्तरांचं विमान रविवारचं आहे, हे तुम्हाला माहीत होतं?" भाचीने विचारलं.

"नव्हतं, ताई. असतं तर मी नेलं असतं का? आम्ही प्रत्येकाला वाचून दाखवतो, चोवीस तास विमान नाही. सही घेतो. शनिवारी उशिराच्या घाईत मास्तरांची नुसती सही घेतली, वाचून दाखवायचं राहिलं, ती चूक माझी. तुमच्या मालकांचीही घेतली. ते तर दोनदा विचारत होते, खरंच काही होतं का. मी सांगितलं, माणूस पांगळा होतो."

फोन बंद झाला. तिकीटवाल्याने मालकांच्या तोंडावरच एक शिवी हासडली. त्याला कुणी अडवलं नाही.

मावशीने पुष्कळ निगरगट्ट माणसं पाहिली होती. परवाने खोटे करणारे, फुटक्या होडीत माणसं कोंबणारे. पण हा तर मंगळवारीच सगळं ऐकून बसला होता. ती भाचीकडे वळली, कारण पुढचं बोलायचा हक्क तिचा नव्हता.

"मंगळवारी तुम्हाला कळलं," भाची म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "शनिवारपर्यंत चार दिवस होते. मास्तर शेजारच्याच बेटावर होते. एक फोन का नाही केला?"

मालकांनी कानातला कापूस चाचपला. "मंडळी सोबत होती. त्यांच्यासमोर काय सांगणार होतो? त्यांना वाटत होतं, ही खास होडी मी त्यांच्यासाठी बुक केली."

"म्हणून?"

"वाटलं, काही होणार नाही."

"आणि झालं तेव्हा मी होतेच."

भाचीने पर्स खांद्याला लावली आणि दार उघडून धरलं.

"चला दवाखान्यात. आत्ता मला जे सांगितलंत ते मास्तरांच्या बायकोला सांगा. मंडळी सोबत होती, हे तर नक्की सांगा. वकीलही तिथेच येऊ देत."

"मी येणार नाही," मालक म्हणाले.

"नका येऊ," भाची म्हणाली. "मग मी एकटी जाऊन सांगते, आणि तुम्ही का आला नाहीत तेही सांगते."

मालकांनी मावशीकडे पाहिलं, मग तिकीटवाल्याकडे. दोघांपैकी कुणीही नजर वळवली नाही. शेवटी ते चालू लागले. जिन्यात त्यांनी हळूच विचारलं, "मास्तर शुद्धीवर आहेत का?"

"पूर्ण," भाची म्हणाली. "पाय कधी परत येतील, एवढंच विचारतात."